चौघांच्या सायकली आणि एक हिच: परवडणारं बाइक रॅक घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या, आई-बाबा आणि दोन मुलं अशा साध्या कुटुंबासाठी हे लिहिलं आहे. घराबाहेरच्या रस्त्यावर मुलांना सायकल चालवू द्यायची हिंमत होत नाही आणि चांगली ट्रेल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर असते. मग सायकली न्यायच्या कशा, हा प्रश्न मंडळाच्या पिकनिकपासून सॉकरच्या मैदानापर्यंत सगळीकडे निघतो. मी न्यू जर्सीत राहते. रॅक विकणं हा माझा धंदा नाही, त्यामुळे जे महाग आहे ते महागच म्हटलं आहे.

सुरुवात कुठून करायची? आधी रॅक बघायचं की आणखी काही?

हिच म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे खालून बसवतात तो लोखंडी सांगाडा; इथलं बहुतेक रॅक त्यालाच बसतं. म्हणून आधी गाडीच्या मागे जाऊन खाली वाका. बंपरखाली चौकोनी तोंडाची पोकळ लोखंडी नळी दिसली तर तोच हिचचा रिसीव्हर, रॅकचा दांडा त्यातच जातो. त्याच्या तोंडाचं माप आतल्या बाजूने घ्या. घरगुती गाड्यांना ते सव्वा इंच तरी असतं, नाहीतर दोन इंच. हिचवर एक स्टिकर किंवा पत्रा असतो, त्यावर दोन आकडे असतात: ट्रेलर किती वजनाचा ओढता येईल आणि हिचवर सरळ खाली किती भार चालेल. सायकलींसाठी फक्त दुसरा आकडा कामाचा, त्याला टंग वेट म्हणतात. फोनवर स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मग गाडीच्या मॅन्युअलमध्येही हाच आकडा शोधा. दोन्ही वेगळे असले तर लहान असेल तो धरायचा.

यानंतर घरातली प्रत्येक सायकल वजनकाट्यावर ठेवा. सायकल हातात घेऊन स्वतः काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मुलांना हा कार्यक्रम फार आवडतो, आईचं वजन मोठ्याने वाचण्यासकट.

रॅकची दुकानं आणि वेबसाइट यानंतर.

आमच्या गाडीला हिच नाही. म्हणजे मोठा खर्च?

खर्च आहे, पण वाटतो तेवढा नाही. सिएना, ओडिसी, सीआर-व्ही, रॅव्ह-फोर, हायलँडर अशा आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या गाड्यांसाठी कर्ट, ड्रॉ-टाइट अशा कंपन्यांचे हिच मिळतात. नुसता हिच साधारण दीडशे ते तीनशे डॉलरला येतो. यू-हॉलमध्ये किंवा एखाद्या स्थानिक गॅरेजमध्ये बसवून घेतला तर मजुरी वेगळी. डीलरकडे विचारलंत तर आकडा बराच वर जातो, म्हणून तिथे आधी लेखी कोटेशन घ्या. ट्रेलरच्या दिव्यांचं वायरिंगही करून घ्या असा आग्रह होईल. नुसत्या सायकली न्यायच्या असतील तर बहुतेकांना त्याची गरज नसते. रॅकमुळे गाडीचे मागचे दिवे झाकले जात असतील तरच वेगळी दिव्यांची पट्टी लागते, आणि मग वायरिंगही.

बऱ्याच गाड्यांच्या चासीला हिचसाठीची भोकं कंपनीतूनच पाडलेली असतात, त्यामुळे हाताला सवय असलेला माणूस घरीही हिच बसवू शकतो. मात्र हिच जड असतो. एकाने तो खालून धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने बोल्ट लावायचे असं दोघांचं काम आहे. शेवटी टॉर्क रेंचने सांगितल्याइतकंच आवळायचं. काही मॉडेलमध्ये सायलेन्सर खाली घ्यावा लागतो किंवा बंपरचं प्लॅस्टिक थोडं कापावं लागतं. हे वाचूनच पोटात गोळा आला तर मजुरी देऊन मोकळं व्हा.

एक सल्ला मात्र ठाम आहे: तुमच्या गाडीला सव्वा इंची आणि दोन इंची दोन्ही हिच मिळत असतील तर दोन इंचीच घ्या. किमतीत फारसा फरक नसतो आणि पुढे रॅकची निवड कितीतरी मोठी होते. ट्रेची, म्हणजे सायकलीची चाकं पन्हाळीत उभी करणारी, चार सायकलींची रॅक जवळजवळ सगळी दोन इंचीसाठीच असतात. सव्वा इंचीचं दोन इंची करणारे अडॅप्टर मिळतात, पण त्याने सायकली गाडीपासून आणखी लांब जातात आणि पेलण्याची ताकद कमी होते.

हिच बाहेरून बसवला तर वॉरंटी जाते का? गाडी लीजवर असली तर?

बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्याच कारणाने डीलरला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा त्यासाठीच आहे. त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. लीजच्या गाडीबद्दल लीज कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

वजनाचा हिशेब नेमका कसा करायचा?

सायकली अधिक रॅक. इथेच बरेच लोक फसतात, कारण रॅकचं स्वतःचं वजन कुणी धरतच नाही.

आई-बाबांच्या दोन हायब्रिड सायकली प्रत्येकी ३० पाऊंड आणि मुलांच्या दोन प्रत्येकी २० पाऊंड धरल्या, तर सायकलींचे १०० पाऊंड झाले. टांगायचं चार सायकलींचं रॅक ३५ पाऊंडांचं असेल तर एकूण १३५. चार सायकलींचं ट्रेचं रॅक ८५ पाऊंडांचं असेल तर एकूण १८५. हिचचे ताकदीनुसार क्लास पाडलेले असतात. सव्वा इंची, क्लास वन हिचची मर्यादा सहसा २०० पाऊंड असते, क्लास टूची साधारण ३५०. म्हणजे १८५ कागदावर बसतात, पण जेमतेम. शिवाय ट्रेलरचं वजन हिचच्या तोंडाशी पडतं, सायकलींचं मात्र त्याच्या मागे दोन-तीन फुटांवर. खड्ड्यातून गाडी उसळली की त्या लांबीमुळे हिचवर पडणारा झटका बराच वाढतो. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर जाऊ नका. रॅकच्या पुस्तिकेत एका सायकलीमागे वजनाची वेगळी मर्यादा असते, तीही बघा. स्वस्त रॅकमध्ये ती बहुधा ३५ ते ४० पाऊंड असते.

दोन इंची, क्लास थ्री हिच असला तर या हिशेबाची फारशी चिंता उरत नाही. पण क्लास थ्री हिच लावला म्हणून छोट्या गाडीची ताकद वाढत नाही. मॅन्युअलमधला आकडा तिथेच राहतो.

टांगायचं रॅक बरं की ट्रेचं?

टांगायच्या रॅकमध्ये एक उभा खांब आणि त्यातून मागे आलेले दोन हात असतात. सायकलीचा आडवा दांडा त्या हातांवर ठेवून रबरी पट्ट्यांनी बांधायचा. ट्रेच्या रॅकमध्ये सायकलीची दोन्ही चाकं पन्हाळीत उभी राहतात आणि वरून एक आकडा फ्रेमला किंवा पुढच्या चाकाला दाबून धरतो.

टांगायचं रॅक स्वस्त, हलकं आणि गराजमध्ये भिंतीला लटकवून ठेवता येणारं. अॅलन स्पोर्ट्ससारख्या कंपनीचं चार सायकलींचं रॅक साधारण सव्वाशे ते दोनशे डॉलरच्या आसपास मिळतं. चार सायकली इतक्या कमी पैशांत नेणारं दुसरं काही नाही. तोटा असा की सायकली एकमेकींना घासतात, एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये घुसतं आणि लेडीज सायकल किंवा लहान मुलांची सायकल त्यावर सरळ बसतच नाही.

ट्रेच्या रॅकवर सायकल चढवणं सोपं, कारण फार उंच उचलावी लागत नाही आणि फ्रेमचा आकार कसाही असला तरी सहसा अडत नाही. स्वॅगमन, हॉलीवूड रॅक्स यांची दोन सायकलींची साधी मॉडेल दोनशे ते तीनशेच्या घरात येतात. थुले, कुआट, याकिमा यांच्या चांगल्या मॉडेलसाठी पाचशे ते नऊशे मोजावे लागतात आणि चार सायकलींचं ब्रँडेड ट्रेचं रॅक सहज हजारावर जातं.

कार्बन फ्रेमची सायकल असेल तर फ्रेमला पकडणारं कुठलंच रॅक नको, चाकाला पकडणारं घ्या. ज्याच्याकडे कार्बनची सायकल आहे त्याला हे ठाऊकच असतं, आणि तो तुम्हालाही वारंवार सांगत असतो.

मुलांच्या लहान सायकली या रॅकवर बसतात का?

कुटुंबाचं गाडं इथेच अडतं. दुकानातल्या फोटोत चार मोठ्यांच्या एकसारख्या सायकली एका ओळीत छान दिसतात. आपल्या घरी एक २७ इंची चाकांची, एक उतरत्या दांड्याची लेडीज, एक २० इंची आणि एक १६ इंची, तिलाही अजून आधाराची चाकं लावलेली.

टांगायच्या रॅकवर २० इंची सायकलीचा दांडा तिरका आणि आखूड असतो. फ्रेमच्या त्रिकोणात रॅकचे दोन्ही हात मावत नाहीत, आणि मावले तर सायकल तिरकी लोंबते. यावर उपाय म्हणून खोटा आडवा दांडा मिळतो. सीटखालच्या नळीपासून हँडलच्या मानेपर्यंत तो अडकवायचा आणि सायकल त्यावर टांगायची. एकेक साधारण २५ ते ४० डॉलरला पडतो. लेडीज सायकलीलाही तोच लागतो. आई आणि दोन मुलं अशा तीन सायकलींना तीन दांडे घेतले की दीडशेच्या रॅकचे अडीचशे होतात. १२ किंवा १६ इंची सायकलीला तर हा दांडाही कधीकधी लांब पडतो.

ट्रेच्या रॅकमध्ये अडचण चाकांची. बऱ्याच रॅकची पन्हाळ २० इंचांपासून पुढच्या चाकांसाठी असते. त्याहून लहान सायकलीची दोन चाकं इतकी जवळ असतात की एक ट्रेमध्ये बसतं आणि दुसरं मधल्या पोकळीत लटकतं. काही कंपन्या लहान चाकांसाठी वेगळा जोड देतात. रॅकच्या माहितीत किमान चाक किती इंचांचं आणि किमान व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) किती, हे शोधा. सापडलं नाही तर मुलाची सायकल गाडीत घालून दुकानात न्या आणि तिथल्या नमुन्याच्या रॅकवर चढवून बघा. आरईआय या भटकंतीच्या सामानाच्या दुकानातली माणसं सहसा यात मदत करतात.

मग चार सायकलींचं घ्यायचं की दोनचं?

माझं मत बहुतेकांना आधी पटत नाही. मुलं सात-आठ वर्षांच्या आतली असतील तर चार सायकलींचं रॅक घेऊ नका. दोन सायकलींचं चांगलं ट्रेचं रॅक घ्या आणि मुलांच्या सायकली गाडीच्या आत टाका.

१६ इंची सायकल मिनीव्हॅनमध्ये तिसरी सीट खाली केल्यावर आडवी सहज मावते. एसयूव्हीतही दोन लहान सायकली एकमेकींना उलट तोंडाने ठेवल्या की जागा होते. खाली जुनी चादर घाला, चेन वरच्या बाजूला करा आणि डिकीत असलेल्या हुकांना पट्ट्याने बांधा, कारण अचानक ब्रेक लागला तर सुटी सायकल पुढच्या सीटवर येऊन आदळेल. यात तिन्ही खोटे दांडे वाचतात आणि हिचवर भार कमी पडतो. आई-बाबांच्या सायकली एकमेकींना घासत नाहीत. लेडीज सायकलही ट्रेवर तशीच उभी राहते.

मुलांच्या सायकली दर दोन वर्षांनी बदलतात. आज १६ इंचीसाठी जोड घ्याल, पुढच्या वर्षी तो गराजमध्ये पडून राहील. मुलं २४ इंचीवर आली की चारचं रॅक घ्यायचं की नाही ते तेव्हा ठरवा. काही दोनच्या रॅकना मागून आणखी दोन ट्रे जोडता येतात. पुढचा विचार असेल तर तसं मॉडेल बघा, फक्त तो जोड दोन इंची हिचवरच चालतो हे आधी तपासून घ्या.

मुलं दहाच्या पुढची असली आणि सगळ्या सायकली साध्या आडव्या दांड्याच्या असल्या तर मात्र टांगायचं चारचं रॅक घ्या. त्या घरासाठी तेच सगळ्यात किफायतशीर.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. गाडीत सहा माणसं, मग सायकली आत कशा?

मग नाहीतच. तिसरी सीट वर असली की डिकीत फारतर डब्यांची पिशवी आणि थर्मास मावतात. या घरांना चारचं रॅक लागतं, किंवा त्या महिन्यांपुरतं मुलांच्या सायकलींना ट्रेलवर भाड्याने पर्याय शोधावा लागतो. मोठ्या ट्रेल्सजवळ सायकली भाड्याने देणारी दुकानं असतात, पण लहान मापाच्या सायकली आहेत का हे फोन करून विचारून जा.

अशा घरांनी आणखी एक गोष्ट बघायची: रॅकवर सायकली असताना डिकीचं दार उघडतं का. वाटेत रेस्ट एरियावर आजोबांची औषधांची पिशवी मागे राहिली आणि ती काढायला चार सायकली उतरवाव्या लागल्या तर ट्रिपचा सगळा उत्साह तिथेच संपतो. खाली झुकणारं रॅक घ्या. बहुतेक रॅक एक खटका ओढला की मागे झुकतात. मिनीव्हॅनचं दार मोठं आणि बाहेरपर्यंत येणारं असतं, त्यामुळे झुकवूनही ते घासत नाही ना, हे दुकानातच तपासा. आणि भरलेलं रॅक झुकवताना एका हाताने वजन तोलून धरायचं, नाहीतर ते धाडकन खाली येतं.

पायाने उघडणाऱ्या दाराचं काय? पार्किंग सेन्सरचं?

बंपरखाली पाय हलवला की दार आपोआप उघडण्याची सोय असेल तर रॅक लावल्यावर ती सेटिंगमधून बंद करा. सायकली बांधताना पाय तिथेच घुटमळत असतात आणि मोटरचं दार सरळ सायकलीवर येतं. रिव्हर्स घेताना पार्किंग सेन्सर रॅकलाच अडथळा समजून ओरडत राहतात. काही गाड्या तर स्वतःहून ब्रेक मारतात. तेही तेवढ्यापुरतं बंद करा आणि मागे कुणालातरी उभं करा. गाडी आता तीनेक फूट लांब झाली आहे, हे पार्किंग लॉटमध्ये पहिल्यांदा वळताना विसरायला होतं.

एकूण किती पैसे बाजूला ठेवायचे?

हिच आधीच असेल तर: टांगायचं चारचं रॅक, खोटे दांडे आणि कुलूप मिळून अडीचशे ते तीनशे डॉलर. दोनचं साधं ट्रेचं रॅक आणि कुलूप मिळून तेवढेच. हिच बसवायचा असेल तर वर आणखी तीनशे-चारशे. म्हणजे सगळं मिळून सहा-सातशेत काम होतं. किमती वरखाली होत असतात, त्यामुळे हे आकडे अंदाज म्हणून घ्या.

मेमोरियल डे आणि लेबर डेच्या आसपास सूट मिळते. आरईआयच्या सभासदांना वस्तू परत करायला एक वर्ष मिळतं, इतरांना ९० दिवस. सभासदत्व एकदाच घ्यायचं असतं, आयुष्यभरासाठी ३० डॉलर. नवीन रॅक आपल्या गाडीवर कसं बसतं याची खात्री नसेल तर ही सोय सूटपेक्षा जास्त मोलाची.

वापरलेलं रॅक घ्यावं का?

जरूर. लोक गाडी बदलतात, मुलं कॉलेजला जातात, रॅक गराजमध्ये पडून राहतात. फेसबुक मार्केटप्लेसवर वसंतात मागणी वाढते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विकणारे घासाघीस ऐकून घेतात. थंडीत खरेदी करा.

बघायचं काय: हिचमध्ये जाणारा चौकोनी दांडा सरळ आहे का, जोडाच्या वेल्डिंगला तडा किंवा खोल गंज आहे का, झुकवायचा खटका पक्का बसतो का. रबरी पट्ट्या उन्हाने कडक होऊन तडकलेल्या असतात. त्या वेगळ्या मिळतात, पण कंपनी अजून सुटे भाग विकते का ते तिथेच उभ्याउभ्या फोनवर शोधा. मॉडेलचं नाव घेऊन सीपीएससी या सरकारी संस्थेच्या साइटवर ते रिकॉल झालं आहे का तेही बघा. कुलपाची किल्ली हरवली आहे म्हणणाऱ्याकडून पन्नास डॉलर आणखी कमी करा.

ई-बाइक नेता येईल का?

स्वस्त रॅकवर नाही. ई-बाइक ४५ ते ७० पाऊंडांची असते आणि साध्या रॅकची मर्यादा एका सायकलीला ३५-४०. ई-बाइकसाठी लिहिलेलं ट्रेचं रॅक आणि दोन इंची हिच लागतो. चढवण्याआधी बॅटरी काढून गाडीत ठेवा. वजन कमी होतं आणि बॅटरी पावसात भिजत नाही. रॅकला उताराची पट्टी जोडता येत असेल तर घ्या, नाहीतर कंबर धरून बसाल.

रॅक फार डुगडुगतं. ते सैल आहे का?

रिसीव्हर आणि रॅकचा दांडा यांच्यात थोडी फट असतेच, त्यामुळे थोडं हलणं साहजिक. पण फार खडखडत असेल तर साध्या पिनऐवजी आटे असलेला बोल्ट वापरा, तो रॅकला एका बाजूला ओढून धरतो. दोन इंची हिचची पिन पाच-अष्टमांश इंचाची, सव्वा इंचीची अर्धा इंची. घेताना हे लक्षात ठेवा. यू आकाराचा आवळणारा पट्टाही वीस-तीस डॉलरला मिळतो. महाग रॅकमध्ये ही सोय आतच असते.

सायकली चढवायचा काही क्रम असतो का?

असतो, विशेषतः टांगायच्या रॅकवर. सगळ्यात जड सायकल गाडीच्या बाजूला, मग हलकी, मग आणखी हलकी. एकीचं हँडल डावीकडे, पुढचीचं उजवीकडे. म्हणजे हँडल हँडलला लागत नाही. गाडीकडच्या सायकलीचं आतलं पेडल मागच्या काचेला किंवा पत्र्याला टेकत नाही ना बघा आणि टेकत असेल तर क्रँक फिरवून वर घ्या. पोहण्याच्या फोमच्या काठीचे तुकडे करून, मध्ये चीर देऊन पेडलवर आणि फ्रेमवर चढवले की ओरखडे वाचतात. डॉलर स्टोअरमधली एक काठी सगळ्या सायकलींना पुरते.

पुढची चाकं फ्रेमला बांधा, नाहीतर ती वाऱ्याने वळतात आणि फिरत राहतात. सगळ्या सायकलींना मिळून एक लांब पट्टा रॅकच्या खांबाभोवती घाला. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून खोचा. पाण्याच्या बाटल्या, पंप, पुढची टोपली, लहान मुलाचं सायकलवरचं सीट हे सगळं काढून गाडीत टाका.

आणि खालच्या धुराड्याकडे बघा. गरम धुराच्या झोतात टायर आला तर तासाभराच्या प्रवासात रबर मऊ पडून टायर फुटू शकतो. चाक धुराड्याच्या तोंडासमोर येत असेल तर सायकल उलटी फिरवा किंवा जागा बदला.

निघाल्यावर पाच-दहा मैलांवर थांबून सगळे पट्टे एकदा हाताने ओढून बघा. पहिल्या थोड्या धक्क्यांनी ते हमखास सैल होतात. हायवेवर वेगाची मर्यादा रॅकच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती रस्त्यावरच्या पाटीपेक्षा कमी असू शकते.

सायकलींवर कव्हर घालावं का?

चालत्या गाडीवर नाही. कव्हरमध्ये हवा भरते आणि ते शिडासारखं रॅकला मागे खेचतं. बहुतेक कंपन्या याला स्पष्ट मनाई करतात. पाऊस लागला तर सायकली भिजू द्या, घरी आल्यावर चेनला तेल द्या.

नंबर प्लेट झाकली जाते. पोलिस पकडतात का?

पकडू शकतात. प्लेट स्पष्ट दिसली पाहिजे असाच नियम बहुतेक राज्यांत आहे, बारकावे राज्यागणिक वेगळे. कॅमेऱ्याने प्लेट वाचून टोल घेणारे रस्ते आहेत, तिथे झाकलेली प्लेट आणखी डोळ्यांवर येते. आपल्या राज्याच्या मोटर व्हेईकल विभागाच्या साइटवर नियम वाचा. रॅकवर प्लेट हलवायची सोय मिळते, पण ती आपल्या राज्यात चालते का हे विचारूनच घ्या. सायकली नसताना रिकामं रॅक वर घडी करून ठेवल्यावरही प्लेट झाकली जाते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आरव्हीच्या किंवा ट्रेलरच्या मागे हेच रॅक लावता येईल?

पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच. तिथे धक्के कितीतरी जोराचे बसतात आणि बहुतेक साध्या रॅकना त्यासाठी मनाई असते.

चोरीची भीती किती?

जेवायला थांबलात तर कुलूप पुरेसं. एक कुलूप रॅक हिचला बांधणारं, दुसरी जाड केबल सगळ्या सायकलींच्या फ्रेममधून. रात्री मोटेलच्या पार्किंगमध्ये मात्र सायकली बाहेर ठेवू नका, कुलूप कितीही महाग असलं तरी. खोली तळमजल्यावर मागा आणि सायकली आत घ्या. मोटेलवाल्यांना त्याची सवय असते.

हिच बसवायचाच नसेल तर?

डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं रॅक पन्नास ते शंभर डॉलरला मिळतं आणि वर्षातून दोनदा, दोन सायकली नेणाऱ्याला ते पुरे आहे. पण दारावर स्पॉयलर असेल किंवा दार प्लॅस्टिकचं असेल तर ते बसतं का हे कंपनीच्या यादीत बघा. रंगावर ओरखडे येतात आणि डिकी उघडता येत नाही. चार सायकली त्यावर नेऊ नका.

पहिल्या ट्रिपला कुठे जावं?

जवळ. पट्टे सैल झाले तर परत फिरता येईल इतपत. न्यू जर्सीवाल्यांसाठी डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याचा काठ उत्तम. एकूण ७० मैलांच्या आसपासची ही वाट बरीचशी सपाट आहे, मुलांना दमवत नाही. नॉर्दर्न व्हर्जिनियात डब्ल्यू अँड ओडी ट्रेल आहे, ४५ मैल, डांबरी. हात बसला की मेन राज्यातलं अकेडिया नॅशनल पार्क. धनाढ्य रॉकफेलर यांनी बांधवलेल्या खडीच्या ४५ मैल कॅरेज रोडवर, म्हणजे घोडागाडीच्या रस्त्यांवर, मोटारींना बंदी आहे, ई-बाइकपैकी फक्त क्लास वन (पेडल मारलं तरच मोटर साथ देते ती) चालते. मिशिगनमध्ये मॅकिनॉ बेटावर तर १८९८ पासून मोटारी नाहीत, सुमारे आठ मैलांचा रस्ता बेटाला वळसा घालतो. तिथे गाडी आणि रॅक अलीकडच्या किनाऱ्यावर सोडून सायकली फेरीबोटीत चढवायच्या असतात, त्यामुळे रॅकला हिचचं कुलूप हवंच.

सायकली नसताना रॅक गाडीलाच लावून ठेवलं तर?

काढा. पेट्रोल थोडं जास्त लागतं, ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये ते चालत नाही, मागून कुणी धडकलं तर धक्का थेट हिचवर येतो आणि अंधारात नडगी फुटते ती वेगळीच. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांत तर रॅक हिचमध्येच गंजून अडकतं, मग हातोडा घेऊन बसावं लागतं. नोव्हेंबरमध्ये काढून धुवा, वाळवा, आत जाणाऱ्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या आणि रिसीव्हरच्या तोंडावर पाच डॉलरचं रबरी झाकण बसवा. पिन, बोल्ट आणि किल्ल्या एका डब्यात घालून तो डबा रॅकलाच बांधून ठेवा.